दिव्यांचा दांडगावा

रात्री मोटार चालविणाऱ्याने आपल्या गाडीचे मूळचे दिवे काढून अधिक प्रखर दिवे बसवून घ्यावेत की नाही, हा प्रश्न दैनिकाच्या पहिल्या पानावर चर्चिण्याइतका मोठा आहे काय, असे आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, पाणीटंचाई, शाळांचे हाल असे विषय समोर असताना संपादकाने गाडीच्या दिव्यांत डोके घालावे, हे कित्येकांना विनोदीही वाटेल. पण गेल्या काही महिन्यांत या एका विषयावरची पत्रे आमच्याकडे जितक्या सातत्याने येत आहेत, तितकी दुसऱ्या कोणत्याही नागरी गाऱ्हाण्यावरची येत नाहीत. एक निवृत्त गृहस्थ लिहितात की, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली, दिवसा वर्तमानपत्र सुखाने वाचतो, परंतु सूर्य मावळल्यावर गाडीच्या चाकाला हात लावण्याचा धीर होत नाही. एक शिक्षिका लिहितात की, संध्याकाळची शिकवणी आटोपून स्कूटरने घरी येताना समोरून तसली गाडी आली की त्या कडेला थांबतात आणि ती निघून गेल्यावर पुन्हा गाडी सुरू करतात. तीन किलोमीटरच्या वाटेत हे सहा-सात वेळा घडते.

तिसरे पत्र विरुद्ध बाजूचे आहे, आणि आम्हांला ते अधिक महत्त्वाचे वाटले. एक तरुण अभियंता विचारतो: माझ्या गाडीला कंपनीने दिलेले दिवे मिणमिणते आहेत. घाटात मला कठडा दिसत नाही. बाजारात दीड-दोन हजारांत चांगले दिवे मिळतात. ते लावणे हा गुन्हा असेल तर तसे स्पष्ट सांगा, आणि नसेल तर चौकात मला अडविण्याचे कारण काय? हा प्रश्न उर्मटपणाने विचारलेला नाही, सरळपणाने विचारलेला आहे, आणि त्याला आजवर कोणी सरळ उत्तर दिलेले नाही. दुकानदार म्हणतो, सगळे लावतात. पोलीस म्हणतो, पावती फाडा. परिवहन कार्यालयात चौकशी करावी तर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवणी होते. म्हणून हा अग्रलेख.

या प्रकरणी आम्ही अगदी तटस्थ आहोत असा दावा करीत नाही. गेल्या हिवाळ्यात एका रात्री सातारा जिल्ह्यातील दुपदरी रस्त्याने आम्ही परतत होतो. रस्त्याला दुभाजक नव्हता, कडेला पांढरी रेघ नव्हती. वळण संपते न संपते तोच समोरून निळसर पांढऱ्या दिव्यांची एक उंच गाडी आली. आम्ही आमचे दिवे खाली केले, पुन्हा वर-खाली करून विनवणी केली. तिकडून काही दाद मिळाली नाही. पुढचे काही क्षण आमच्यासमोर रस्ता नव्हता, नुसती पांढरी भिंत होती. ती गाडी बाजूने निघून गेली आणि भिंतीच्या जागी काळोख आला, तो तिच्याहून वाईट. त्या काळोखातून उसाने भरलेली एक बैलगाडी हळूहळू आकाराला आली, आणि ब्रेक लागून आमची गाडी थांबली तेव्हा दोहोंत पंधरा पावलांचे अंतर उरले होते. बैलगाडीच्या मागे ना कंदील होता ना चमकती पट्टी. गाडीवान घोंगडी पांघरून बसल्या जागी पेंगत होता आणि बैल ओळखीच्या वाटेने चालले होते. आमचा वेग त्या रस्त्याला शोभण्याजोगा नव्हता, हेही येथे कबूल केले पाहिजे. परंतु त्या पंधरा पावलांचा हिशेब त्या रात्रीपासून आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. डोळे दिपल्यावर पुन्हा पूर्ववत दिसू लागण्यास तीन सेकंद लागले असे धरले, तर तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे आंधळ्याने डोळ्यांवर पट्टी न बांधता केलेला ५० मीटरांचा प्रवास. असली त्रैराशिके आम्ही एके काळी सातवीच्या वर्गाला घालीत असू. फरक इतकाच की, तेव्हाच्या गणितात आगगाडी असे, पूल असे, आणि पुलावर माणूस नसे. उतारवयात डोळ्यांतील भिंग गढुळते, त्यात प्रकाश विखुरतो, आणि हे तीन सेकंद वाढत जातात. तेव्हा ज्या निवृत्त गृहस्थांचे पत्र वर उल्लेखिले आहे, त्यांचे गाऱ्हाणे म्हातारपणाची कुरकुर नाही.

केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती. त्या अहवालात नियमभंगाचे रकाने आहेत: अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने जाणे, लाल दिवा ओलांडणे, मोबाइलचा वापर, आणि मग 'इतर'. डोळे दिपून झालेल्या अपघातासाठी स्वतंत्र रकाना नाही. असा अपघात झाला तर दिपलेला मनुष्य खड्ड्यात सापडतो, पंचनामा त्याच्या गाडीचा होतो. ज्याच्या दिव्यांनी तो दिपला तो तोवर पुढच्या गावी चहा पीत असतो. ज्या गुन्ह्याचा गुन्हेगार जागेवर थांबत नाही आणि बळी पडलेल्याला त्याचा नंबरही वाचता येत नाही, असा हा गुन्हा आहे. म्हणून त्याची मोजदाद होत नाही, आणि मोजदाद होत नाही म्हणून तो क्षुल्लक ठरतो.

आता त्या तरुण अभियंत्याच्या मूळ म्हणण्याकडे वळू. त्याला अधिक उजेड हवा आहे, आणि ती मागणी रास्त आहे. आपल्या रस्त्यांवर रात्री काय काय येईल याला सुमार नाही: झाकण नसलेले गटार, रंग न दिलेला गतिरोधक, बंद पडलेला ट्रक आणि त्याच्यामागे खूण म्हणून ठेवलेले चार धोंडे, गुरे, वारकऱ्यांची दिंडी, उसाच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. अशा रस्त्यावर चांगले दिसावे असे वाटणे यात चैन नाही. प्रश्न असा आहे की, बाजारातून आणलेला प्रखर दिवा जुन्या दिव्याच्या घरात बसविल्याने खरोखर अधिक दिसते काय? आमचे उत्तर असे की, दिसल्यासारखे वाटते. आणि यातच सारी गोम आहे.

मोटारीचा पुढचा दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, त्याच्यामागचा परावर्तक आणि पुढची काच मिळून तो एक दिवा होतो, आणि हे तिन्ही एकमेकांसाठी घडविलेले असतात. १९६२ साली युरोपात मोटारींना हॅलोजन दिवे आले आणि १९७१ पासून एच-४ या नावाचा दोन तारांचा बल्ब रूढ झाला. आपल्याकडील असंख्य गाड्यांत आजही तोच आहे. त्याच्या पोटात पाहिले तर एका तारेच्या खाली धातूची एक चिमुकली वाटी दिसते. त्या तारेचा उजेड परावर्तकाच्या केवळ वरच्या भागावर पडावा आणि तेथून खाली रस्त्यावर यावा, खालच्या भागावर पडून वर समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, एवढ्यासाठी ती वाटी. तार कोठे असावी, वाटी किती तिरपी असावी, याची मापे मिलिमीटरच्या अंशांत ठरविलेली असतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवितो, म्हणून झोताची उजवी कड खाली दाबलेली आणि डावी कड किंचित वर उचललेली असते. उजवीकडून येणाऱ्याला त्रास होऊ नये आणि डाव्या कडेचा पादचारी दिसावा, असा त्यात दुहेरी विचार आहे. एवढी सारी योजना त्या दोन-चारशे रुपयांच्या बल्बात असते, आणि आपण तो फुंकला की कचऱ्यात टाकतो.

त्या घरात एलईडीचा दिवा कोंबला म्हणजे काय होते? गोल तारेच्या जागी एका चपट्या पट्टीच्या दोन अंगांना चिकटविलेल्या टिकल्या येतात. उजेड निघण्याची जागा बदलते, आकार बदलतो, दिशा बदलते; परावर्तक मात्र जुन्याच तारेच्या मापाचा राहतो. एकाच्या नंबराचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर चढवावा तसला हा प्रकार आहे. कोरीव कडेचा झोत फिसकटतो, काही उजेड गाडीच्या अगदी पुढ्यात सांडतो आणि काही वर उधळतो. झेनॉनच्या दिव्याची गोष्ट तर आणखी वेगळी. एच-४ चा खालचा झोत सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो, तर झेनॉनचा दिवा सुमारे ३२००. तिप्पट उजेड, आणि तोही दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून आलेला. कित्येक हौशी लोक परदेशी बनावटीचा अख्खा दिवाच मागवितात. तो उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशासाठी घडविलेला असेल, तर त्याचा उचललेला कोपरा आपल्या रस्त्यावर नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो.

आणि चालविणाऱ्याला तरी काय लाभते? गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लखलखीत उजळतात, म्हणून त्याला वाटते, वा, काय उजेड! परंतु डोळा जवळच्या उजेडाला सरावला की लांबचा अंधार त्याला अधिकच काळा दिसतो, आणि धोका लांबच असतो. घाटातील धुक्यात किंवा आषाढातील पावसाच्या झडीत तोच पांढरा झोत थेंबांवरून परतून त्याच्याच डोळ्यांत येतो. जे लोक जुनाच बल्ब ठेवतात पण ६०/५५ वॉटऐवजी १००/९० वॉटचा लावतात, त्यांची गोष्ट निराळी. तेथे तारांच्या जागा ठीक असतात, पण पाच अँपिअरच्या जागी आठांहून अधिक अँपिअर वीज जुन्या वायरींतून ओढली जाते. बल्बची बैठक वितळलेली आणि वायरीची साल काळवंडलेली पाहावयाची असेल, तर कोणत्याही वाहन-इलेक्ट्रिशियनच्या टाकाऊ मालाच्या डब्यात हात घालावा.

एवढे झाल्यावर कायदा पाहू. दुकानदार एक युक्तिवाद करतात आणि तो अगदीच पोकळ नाही, म्हणून त्याचा परामर्श घेतला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ ने वाहनात फेरबदल करण्यास बंदी घातली आहे, पण ती अशा फेरबदलांना की ज्यांमुळे नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील. आणि 'फेरबदल' म्हणजे वाहनाच्या मूलभूत स्वरूपात पालट घडविणारा रचनेतील बदल, असे स्पष्टीकरण त्याच कलमाखाली आहे. दिव्याचा बल्ब नोंदणीपत्रावर लिहिलेला नसतो, आणि तो बदलल्याने मोटारीचे मूलभूत स्वरूप पालटते असे म्हणणेही कठीण. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला आणि कारखानदाराच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल मालकाला करता येणार नाही असे सांगितले. पण तो वाद वाहनाच्या रचनेचा होता, दिव्यांचा नव्हता. तेव्हा केवळ कलम ५२ कडे बोट दाखवून दिवे बदलणाऱ्याला गुन्हेगार ठरविणे, हा वकिली दृष्ट्या कच्चा मार्ग आहे. एवढे श्रेय आम्ही दुकानदारांना देतो.

परंतु कायदा तेथे संपत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ वाचावा. रूक्ष सरकारी भाषेतील या नियमात एक माणूस उभा केलेला आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, त्याच्या उजव्या बाजूस अर्धा मीटर सरकून, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, असा हा माणूस. पुढे उजेड टाकणारा दिवा असा बनविलेला, बसविलेला आणि राखलेला असला पाहिजे की, त्याचा झोत कायमचा खाली वळविलेला असून या माणसाचे डोळे त्याने दिपणार नाहीत, किंवा निदान चालविणाऱ्याला तो झोत तसा खाली वळविता आला पाहिजे. 'राखलेला' हा शब्द येथे महत्त्वाचा. कारखान्यातून निघाला तेव्हा दिवा ठीक होता, ही सबब पुढे चालत नाही. नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढे शोधदिवा लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत लावावयाचा तर नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. टपावर आणि बंपरवर दिव्यांच्या पट्ट्या मिरविणाऱ्यांपैकी किती जणांनी ती घेतली आहे, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

यापुढे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले आहे. अधिनियम वा नियम यांनी परवानगी न दिलेल्या रीतीने, सुटे भाग नव्याने बसवून केलेला बदल धरून, जो मालक वाहनात फेरबदल करील त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे नोंदणीपत्राची पळवाट राहत नाही. दिव्याला मान्यता मिळते ती बल्ब, परावर्तक आणि काच यांना एकत्र तपासून. हॅलोजनसाठी मान्य झालेल्या घरात एलईडी किंवा झेनॉन बसविला की ती मान्यता त्या जोडीला लागू राहत नाही. म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे: त्याच जातीचा, त्याच वॉटचा, मानकाचे चिन्ह असलेला चांगला बल्ब लावण्यास कोणाची आडकाठी नाही. दुसऱ्या जातीचा दिवा जुन्या घरात बसविणे मात्र नियमबाह्य आहे, मग चौकातला शिपाई अडवो वा न अडवो.

मालकाला इतके सांगून झाल्यावर विक्रेत्याकडे वळले नाही तर अन्याय होईल. त्याच कलमात विक्रेत्यासाठीही तरतूद आहे: केंद्र सरकारने सुरक्षिततेच्या दृष्टीने कळीचा म्हणून अधिसूचित केलेला आणि नियमांत न बसणारा भाग जो विकील, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड. तरीही गाड्यांचे सामान विकणाऱ्या कोणत्याही पेठेत जावे, हे दिवे पाट्या लावून, आतषबाजीसारखे पेटवून दाखवून विकले जातात. खोक्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत 'केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी' असे छापलेले असते. रस्त्याबाहेर म्हणजे कोठे? पुण्यामुंबईच्या सदनिकेत राहणारा मनुष्य आपली मोटार रस्त्याबाहेर कोणत्या शेतात चालवितो, हे त्या छापणाऱ्यालाच ठाऊक. माल विकावयाचा, फायदा घ्यावयाचा, आणि दंड मात्र ग्राहकाने भरावयाचा, असा हा व्यवहार आहे. पोलिसांच्या मोहिमा चौकात होतात, पेठेत होत नाहीत.

मोटार-कारखानदारांनाही आम्ही मोकळे सोडू इच्छित नाही. एकाच नावाची, एकाच वेगाने धावणारी मोटार. तिच्या महागड्या प्रकाराला उत्तम दिवे आणि स्वस्त प्रकाराला मिणमिणते. छताला काच असावी की नसावी, बैठक चामड्याची असावी की कापडाची, हे खुशाल किमतीवर ठरवावे. पण रात्री रस्ता दिसणे हे बैठकीच्या कापडासारखे चैनीचे सामान नव्हे. ज्याने कमी पैसे दिले त्याने घाटातला कठडा अंदाजाने ओळखावा, असा या विक्रीनीतीचा अर्थ होतो, आणि मग तो बिचारा पेठेत गेला तर दोष सर्वस्वी त्याचाच कसा मानावा?

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डोळे दिपविणारा प्रत्येक दिवा पेठेतून आलेला नसतो. कारखान्यातून निघालेल्या उंच गाड्यांचे दिवे इतक्या उंचीवर असतात की, बुटक्या मोटारीत बसलेल्याच्या आरशात ते सरळ घुसतात. बहुतेक गाड्यांत चाकाजवळ शून्यापासून तीन-चारपर्यंत आकडे असलेली एक छोटी चकती असते. मागे माणसे किंवा सामान भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि झोतही उचलला जातो, तो खाली आणण्यासाठी ती चकती. दहा मालकांना विचारले तर नऊ जणांना ती कशासाठी आहे हे सांगता येणार नाही, असा आमचा अनुभव आहे. आणि शहरातील उजेडाच्या रस्त्यांवरही वरचा झोत लावून फिरणारे महाभाग तर गल्लोगल्ली आहेत. ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' हे शब्द वाचत आपण सर्व लहानाचे मोठे झालो. ते ट्रकवाल्यांना उद्देशून आहेत असे आपण समजत राहिलो. आमच्या लहानपणी गाड्यांच्या दिव्यांच्या काचेवर वरच्या भागात काळ्या रंगाचा पट्टा किंवा ठिपका मारलेला असे. तो गावठी उपाय होता, शास्त्रीय नव्हता, पण समोर कोणी तरी आहे ही जाणीव त्यात होती. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर आणि बोगनवेल लावतात, त्यामागे केवळ शोभा असते असे पुष्कळांना वाटते. समोरच्या गाडीचा झोत अडावा हा त्यामागचा एक मुख्य हेतू असतो. ज्या रस्त्यांना दुभाजकच नाही, आणि तालुक्याचे बहुतेक रस्ते तसेच आहेत, तेथे कण्हेर कोठे लावावयाची?

उपाय काय? प्रथम तपासणी. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. व्यापारी वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यतेची तपासणी द्यावी लागते, खाजगी मोटारीचे दिवे मात्र या १५ वर्षांत कोणताही सरकारी मनुष्य एकदाही पाहत नाही. पण हीच मोटार धुराच्या तपासणीसाठी नियमाने केंद्रावर जाते. त्याच केंद्रावर दहा मीटर अंतरावर एक पांढरी भिंत रंगविली आणि तिच्यावर दोन रेघा ओढल्या, तर झोत कोठे पडतो हे दोन मिनिटांत कळते. खालचा झोत दहा मीटरांत सुमारे दहा सेंटिमीटर खाली उतरावा, एवढा ढोबळ हिशेब कोणताही जाणता मेस्त्री करतो. यासाठी परदेशी यंत्र नको, नवे महामंडळ नको. चुना आणि ब्रश पुरे.

दुसरे, कायद्याने जी वाट ठेवली आहे ती उघडावी. २०१९ च्या दुरुस्तीनेच कलम ५२ मध्ये असे घातले आहे की, वाहनांत नंतर बसवावयाच्या भागांची मानके आणि अटी केंद्र सरकार ठरवू शकेल. जर्मनीने २०२० पासून हे करून दाखविले आहे. तेथे विशिष्ट एलईडी बल्ब विशिष्ट गाडीच्या विशिष्ट दिव्यात तपासून पाहिला जातो, झोत बरोबर पडला तरच त्या गाडीचे नाव यादीत येते, आणि मालकाने संबंधित कागद जवळ बाळगावयाचा असतो. आपल्याकडे अशी यादी झाली तर त्या तरुण अभियंत्याला अधिक उजेड मिळेल, शिक्षिकेला स्कूटर थांबवावी लागणार नाही, आणि दुकानदारालाही सचोटीने धंदा करता येईल. नुसत्या दंडाने हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. ज्याला खरोखर दिसत नाही, तो पाच हजारांच्या भीतीने अंधारात चाचपडत बसणार नाही. तो दंड भरील आणि पुन्हा पेठेत जाईल.

तोवर मालकांनी काय करावे? दिव्यांची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते आणि निम्मा उजेड तीच खाते. ती घासून स्वच्छ करून घ्यावी. जुन्या गाडीत वायरींचे जोड गंजून बल्बपर्यंत पुरता दाब पोहोचत नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावेत. झोत भिंतीवर पाडून बरोबर करून घ्यावा. हे सारे केल्यानंतरही दिसत नसेल तर वेग कमी करावा, आणि हे आम्ही वर सांगितलेल्या रात्रीची आठवण ठेवून लिहीत आहोत.

उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. त्या चार-पाच महिन्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रात्रभर बैलगाड्या आणि ट्रॉल्या चालतात. प्रत्येक बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे चमकती पट्टी लावल्याशिवाय वजनकाट्यावर घ्यावयाची नाही, असा दंडक साखर कारखान्यांनी घालावा. त्याचा खर्च उसाच्या एका मोळीइतकाही नाही. परिवहन खात्याने पेठांतील दुकानांची तपासणी याच सुमारास हाती घ्यावी, आणि चौकातील मोहिमेच्या आधी घ्यावी. धुराच्या तपासणी केंद्रांवरील भिंत रंगविण्याचा हुकूम काढण्यास तर मुहूर्ताचीही गरज नाही. मुंबईत मंत्रालयात हा अंक ज्यांच्या टेबलावर पोहोचेल त्यांनी तो याच आठवड्यात काढावा.